पान ९६ च्या पुढे

पुस्तकाच्या दुकानात बरीच वर्षं काढली की ‘नाही’ म्हणणं अंगवळणी पडतं. संगणकात नाव टाकायचं, शून्य दिसलं की मान हलवायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचं. त्या दिवशीही मी तेच केलं असतं. पण समोरच्या गृहस्थांना जे पुस्तक हवं होतं ते त्यांच्या हातातच होतं.

“हेच पाहिजे,” ते म्हणाले. “पण पूर्ण.”

लंबकाच्या घड्याळांची दुरुस्ती शिकवणारं जुनं पुस्तक. पुठ्ठा बांधणी, कडांवर तेलकट बोटांचे ठसे. त्यांनी ते उघडून माझ्यापुढे सरकवलं. पान ९६ नंतर पुन्हा ८१. मग ८२, ८३ करत परत ९६, आणि त्यानंतर एकदम ११३. दुसऱ्यांदा आलेल्या ९६ च्या तळाशी पेन्सिलीने काढलेलं भलंमोठं प्रश्नचिन्ह होतं.

“वडिलांचं आहे,” ते म्हणाले. पुस्तक की प्रश्नचिन्ह, ते मी विचारलं नाही.

पानं कुणी फाडलेली नव्हती. एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून १६ पानं छापतात, त्याच्या घड्या घालतात, तो झाला एक फर्मा. असे फर्मे ओळीने रचले आणि शिवले की पुस्तक. यांच्या पुस्तकात सहावा फर्मा दोनदा आला होता आणि सातवा आलाच नव्हता. फर्म्याच्या पहिल्या पानाखाली बारीक आकडा छापलेला होता, तोही दोन्हीकडे ६. बांधणीच्या टेबलावर कुणीतरी सातव्याच्या जागी सहाव्याची थप्पी ठेवली असणार.

आमच्याकडे नव्याने लागलेला मुलगा मधेच म्हणाला, “काका, घड्याळ दुरुस्त करायचं तर इंटरनेटवर ढिगाने आहे.”

“दुरुस्ती असेल. हे वाक्य असेल का?” त्यांनी ९६ च्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘ठोके आणि काटे यांचा मेळ चुकला असेल तर काट्यांना’. वाक्य तिथेच तुटलेलं. त्यांच्या घरचं घड्याळ म्हणे तीन वाजता सात ठोके देतं.

मुलाने आतल्या पानावरचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, संगणकात घालायला घेतला. दहा अंकी क्रमांक, शेवटी रोमन एक्स. आमच्या प्रणालीला अक्षर चालत नाही. मग त्याने एक्स वगळून पुढे ९७८ लावले आणि शेवटचा अंक अंदाजाने टाकायला लागला. त्याला थांबवलं. २००७ पासून हे क्रमांक १३ अंकी झाले, पण नुसतं ९७८ चिकटवून भागत नाही. शेवटचा अंक हा आधीच्या अंकांचा पडताळा असतो आणि जुन्या-नव्या पद्धतीत त्याचं गणित वेगळं आहे. जुन्यात तो पडताळा दहासुद्धा येऊ शकतो, आणि दहा एका जागेत मावत नाहीत म्हणून रोमन एक्स. बिलाच्या पाठीवर मी पहिले बारा अंक मांडले, आळीपाळीने १ आणि ३ ने गुणले, बेरीज केली. बेरीज दहाच्या पटीत यायला जितके कमी पडले तो तेरावा अंक. पुस्तक सापडलं. शिल्लक: शून्य. छपाई: बंद.

पण आता हातात नेमका क्रमांक होता. पाच दुकानांना फोन केले. चार ठिकाणी नाही. पाचव्या दुकानात एक प्रत दाखवत होती. दुपारी दुकान मुलावर सोपवून मी त्या गृहस्थांबरोबर निघाले. खरं तर फोनवर प्रत बाजूला ठेवायला सांगता आलं असतं. पण पडद्यावरची ‘१’ ही आमच्या धंद्यातली सगळ्यात फसवी संख्या. चोरीला गेलेली प्रतही पुढच्या मोजणीपर्यंत शिल्लकच दिसते.

आणि तसंच झालं. तंत्रविषयक कपाटात नाही, छंदांच्या फळीवर नाही. दुकानदार म्हणाले, “गेलं असेल कधीच.” मी परत निघणार तेवढ्यात डोक्यात आलं की पुस्तकाच्या नावात ‘ठोके’ आहे. वैद्यकाच्या कपाटाशी गेले. रक्तदाब आणि हृदयविकार यांच्या मधोमध लंबकाचं घड्याळ उभं होतं! लावणाऱ्याने नाव वाचलं, चित्र पाहिलं नाही. त्याला काय बोलणार, कामाच्या घाईत मीही असले पराक्रम केलेत.

गृहस्थांनी तिथेच पान ९६ काढलं. पुढे ८१.

ते काहीच बोलले नाहीत. मला मात्र स्वतःचा राग आला. थप्पीच चुकीची ठेवलेली असेल तर तिच्यातून एकच प्रत थोडीच बिघडते? लक्षात येईपर्यंत बांधलेल्या साऱ्या प्रती तशाच निघतात. म्हणजे आम्हाला नुसती दुसरी प्रत नको होती, दुसऱ्या खेपेला बांधलेली प्रत हवी होती. सुधारित आवृत्ती असून उपयोग नव्हता, तिच्यात मजकूर नव्याने लागतो आणि वाक्यं बदलतात. साधं पुनर्मुद्रण हवं, तीच पानं पुन्हा छापलेलं.

उरलं जुन्या पुस्तकांचं दुकान. तिथे संगणक नाही, विषयवारी नाही. मालकांना मी नावही सांगितलं नाही, गृहस्थांच्या हातातलं पुस्तक दाखवलं. त्यांनी जाडी पाहिली, कोपऱ्यातल्या गठ्ठ्याकडे मान केली. “तिथे बघा. कव्हर नसलेलं एक आहे.”

कव्हरच काय, पहिली काही पानं आणि १७६ नंतरचं सगळंच गेलेलं. पुठ्ठा निघाल्यामुळे पाठीवरचे दोरे आणि सुकून तडकलेला डिंक उघडा पडला होता, आणि त्याच्यातून फर्म्यांच्या काळ्या खुणा दिसत होत्या. घडीवर छापलेली ही खूण प्रत्येक फर्म्यावर आधीच्यापेक्षा थोडी खाली असते. सगळे फर्मे क्रमाने बसले की पाठीवर तिरका जिना दिसतो. एखादा फर्मा नसला की एक पायरी गायब, दोनदा आला की दोन पायऱ्या शेजारी शेजारी एकाच उंचीवर. पुस्तक न उघडता मी पायऱ्यांवरून नख फिरवत नेलं. चार, पाच, सहा. सहाच्या खाली सात होती.

पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आधी स्वतःच्या प्रतीतलं पान ९६ काढलं, प्रश्नचिन्हाचं. मग त्या उघड्यावाघड्या प्रतीतलं ९७ काढून शेजारी धरलं आणि दोन्ही मिळून मोठ्याने वाचलं. “ठोके आणि काटे यांचा मेळ चुकला असेल तर काट्यांना… हात लावू नये.”

पुढे लिहिलं होतं की ठोक्यांची तरफ उचलावी आणि ठोके काट्यांशी जुळेपर्यंत घड्याळ वाजू द्यावं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग हसायला लागले.

“अण्णा रोज काटेच फिरवत बसायचे,” ते म्हणाले.