मिरजेच्या फुलांची पुडी आणि मुंबईतल्या कबरी

आमच्या मिरजेत गवयाची कबर ही गाणं ऐकायची जागा आहे. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ विसावले आहेत. 27 ऑक्टोबर 1937 ला मद्रासहून पाँडिचेरीला जाताना त्यांची तब्येत बिघडली आणि सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा स्टेशनावर त्यांनी प्राण सोडला. शेवटच्या घटकेला फलाटावरच त्यांनी दरबारी रागात अल्लाला आळवलं, असं सांगतात. तिथून त्यांना मिरजेला आणलं. उरुसात त्यांच्या नावानं संगीत सभा भरते, मोठमोठे कलावंत हजेरी लावून जातात. लहानपणी मी तिथं मामांच्या मांडीवर झोपायचो. त्यामुळे गाणारा माणूस गेला की त्याच्या उशाशी कुणीतरी तंबोरा लावून बसतं, अशीच माझी समजूत होती.

मामा आता 77 वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं त्यांनी तंबोऱ्याच्या जवारीचं, म्हणजे तारेचा आवाज खुलवायचं काम केलं. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानशीनं जरा घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. तारेखाली सुताचा दोरा सरकवत सरकवत एका ठिकाणी आवाज फुलतो, ती जागा कानानंच सापडते. एवढी वर्षं दुकानातल्या रेडिओवर त्यांनी ज्यांना ऐकलं, त्यातले बरेच जण मुंबईच्या मातीत आहेत. गेल्या भाद्रपदात ते अचानक म्हणाले, "पंधरवडा लागलाय. आजा-पणजाला पाणी देतोच की आपण. ज्यांचं आयुष्यभर ऐकलं, त्यांचं पण देणं लागतंच. मला एकदा मुंबईला ने."

मग एका रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस धरली. निघण्याआधी मामा दर्ग्यात जाऊन आले. खाँसाहेबांच्या कबरीवरची गुलाबाची फुलं त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदात बांधून घेतली आणि ती पुडी रात्रभर खिशात जपली.

सकाळी सीएसएमटीला उतरून चहा घेतला आणि धोबी तलावावरून चालत मरीन लाइन्सच्या बडा कबरस्तानला गेलो. शेजारीच चंदनवाडीची स्मशानभूमी आहे. या सगळ्या पट्ट्याला जुनी मुंबई सोनापूर म्हणायची. रस्त्यावर हॉर्नचा नुसता कल्ला, आणि फाटकाच्या आत गेलं की झाडावरून ठिबकणारं पाणी ऐकू येतं. पायताणं हातात घ्यावीत की पायात ठेवावीत, ते आम्हाला कळेना. फाटकावरच्या माणसानं खुणेनंच सांगितलं, राहू द्या.

नर्गिस इथे आहेत. 3 मे 1981 ला त्या गेल्या आणि पाचच दिवसांनी त्यांच्या मुलाचा पहिला सिनेमा लागला. त्यांच्या आई जद्दनबाई 1949 मध्येच गेल्या, त्याही इथेच आहेत. मामांना खरी ओढ आईची होती. जद्दनबाई गाणाऱ्या तर होत्याच, पण 1935 मध्ये त्यांनी सिनेमाला संगीतही दिलं. हिंदी सिनेमातल्या अगदी पहिल्या स्त्री संगीतकारांमध्ये त्यांचं नाव येतं. "लेकीला जग ओळखतं, आईनं काय केलं ते कुणाला ठाऊक नाही," असं म्हणून मामांनी पुडी सोडली आणि पहिली पाकळी जद्दनबाईंच्या नावानं ठेवली. सुरैयाही याच मातीत आहेत. 31 जानेवारी 2004 ला त्या गेल्या. स्वतःचं गाणं स्वतः गाणाऱ्या नायिकांची पिढी त्यांच्यासोबत जवळजवळ संपली.

तिथून टॅक्सीनं माझगावला गेलो. नारळवाडीतल्या रहमताबाद कबरस्तानात मीनाकुमारी आहेत, आणि शेजारी त्यांचे पती, दिग्दर्शक कमाल अमरोही. 'पाकीज़ा' पूर्ण व्हायला कितीतरी वर्षं गेली. मध्यंतरी दोघं वेगळे झाले, सिनेमा अडकला, पुन्हा उभा राहिला आणि शेवटी 4 फेब्रुवारी 1972 ला लागला. 31 मार्चला मीनाकुमारी गेल्या. कमाल अमरोही त्यांच्यामागे 21 वर्षं जगले आणि 1993 मध्ये त्यांच्याच शेजारी येऊन विसावले. हयातीत जे जमलं नाही ते मातीनं जमवलं, असं तिथं उभं राहून कुणालाही वाटेल. मला मात्र तो हिशेब पटला नाही. त्या बाईनं एकटेपणाच्या कविता लिहून ठेवल्यात, त्या शेजारानं पुसल्या जात नाहीत.

आपल्या कबरीवर मोडक्या फिडलचा, तुटलेल्या गाण्याचा आणि तुटलेल्या काळजाचा उल्लेख असावा, अशी मीनाकुमारींची इच्छा होती म्हणतात. हे मी मामांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प उभे राहिले. मग कारागिरासारखे बोलले, "फिडलचं पोट शाबूत असलं तर ते पुन्हा बोलतं. कुणीतरी हातात घ्यायला पाहिजे होतं." एवढं बोलून त्यांनी खांद्यावरच्या पंचानं तोंड पुसलं. मी दुसरीकडे बघितलं.

डॉकयार्ड रोडवरून हार्बरची गाडी धरली. रे रोड, कॉटन ग्रीन, आणि मग शिवडी. शिवडीचं ख्रिस्ती कबरस्तान ही पूर्वी बाग होती. शहराचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात ती दफनासाठी घेतली गेली, आणि अजूनही तिथं आधी झाडंच डोळ्यांत भरतात. संगमरवरी देवदूत, पावसानं काळे पडलेले क्रॉस, गुडघाभर गवत. सकाळी ज्या स्टेशनात उतरलो ते बांधणारे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स इथे आहेत. 1878 ते 1888, दहा वर्षं ते काम चाललं आणि 1900 मध्ये मलेरियानं ते मुंबईतच गेले. गेटवे ऑफ इंडियाचे जॉर्ज विटेटही इथेच आहेत. गेटवे 1924 मध्ये खुला झाला आणि दोनच वर्षांनी विटेट गेले, वयाच्या पन्नाशीच्या आत. कवी डॉम मोराइस 2004 मध्ये इथे आले. त्यांच्या इच्छेप्रमाणे कबरीवरची माती इंग्लंडमधल्या ओडकोम्ब या गावी नेऊन ठेवली आहे.

मामांना यातलं फारसं भिडलं नाही. इमारती आणि इंग्रजी कविता हा त्यांचा प्रांत नाही. पण मी म्हटलं, "मामा, काका बॅप्टिस्टा इथे आहेत," आणि ते थबकलेच. जोसेफ बॅप्टिस्टा माझगावचे, माथारपाखाडीचे. लोकमान्यांचे जिवाभावाचे स्नेही आणि वकील. 1916 मध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापन झाली तेव्हा अध्यक्ष झाले ते बॅप्टिस्टा. पुढे 1925 मध्ये ते मुंबईचे महापौर झाले आणि 1930 मध्ये गेले. आमच्या घरात टिळकांचा फोटो देवाच्या शेजारी असतो. मामा गवत तुडवत गेले आणि पाकळी ठेवून म्हणाले, "लोकमान्यांच्या माणसाला फूल नाही, असं कसं चालेल?"

शिवडीहून सांताक्रूझला हार्बरचीच थेट गाडी मिळते. वडाळा, माहीम, वांद्रे करत आम्ही चार वाजता पोचलो आणि रिक्षानं जुहूच्या कबरस्तानला गेलो. खरं तर आम्ही आलो होतो ते इथेच. मोहम्मद रफी इथे आहेत.

मी आत जाऊन विचारलं, "रफीसाहेबांची कबर?"

कुदळ घेऊन चाललेला माणूस थांबला. "वो नारियल का पेड दिखता है? उसी के पास समझ लो."

समझ लो. मामांनी तो शब्द तोंडातल्या तोंडात परत म्हटला.

रफींच्या कबरीवर आज दगड नाही. 2010 मध्ये जागा उरली नाही म्हणून इथल्या जुन्या कबरी सपाट केल्या, वर नवी माती घातली आणि नव्या दफनांसाठी जमीन मोकळी केली. धर्माच्या दृष्टीनंही कबरीवर कायमचं बांधकाम नको, असं मानणारे पुष्कळ आहेत. त्यात रफी गेले, मधुबालाची संगमरवरी कबर गेली, साहिर लुधियानवींची गेली. संगीतकार नौशादांना तर जाऊन चारच वर्षं झाली होती. आता रफींचे चाहते त्या नारळाच्या खुणेवर येतात.

हे सगळं मी आधी वाचलं होतं. तरी तिथं उभा राहिलो तेव्हा संतापानं माझे कान तापले. ज्या माणसाच्या अंत्ययात्रेला धो धो पावसात मुंबई रस्त्यावर उतरली होती, त्याच्या उशाशी नावाची एक फरशी राहू नये? संगीतकार श्रीकांत ठाकरेंनी त्यांच्याकडून मराठी गाणी गाऊन घेतली, ती आमच्याकडे अजून सकाळी लागतात. देवाला राऊळात शोधत फिरणाऱ्या माणसाला समजावणारं गाणं त्यांच्याच आवाजातलं. मी मात्र त्यांना नारळाच्या बुंध्याशी शोधत होतो.

मामा खाली बसले. ओल्या मातीवर, धोतर न सावरता. पुडीत आता पाकळ्या चुरगळून काळपट झाल्या होत्या. एकेक नाव घेऊन ते पाकळी ठेवू लागले. पहिली रफींची. 31 जुलै 1980. दुसरी साहिरची. 25 ऑक्टोबर 1980, म्हणजे रफींनंतर 86 दिवसांनी. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं गायचं, आणि एकाच पावसाळ्याच्या पुढेमागे दोघं एकाच जमिनीत. मग मधुबाला. 23 फेब्रुवारी 1969, वय फक्त 36, जन्मापासून हृदयाला छिद्र. मग नौशाद. इथे मामा जरा रेंगाळले, कारण नौशादांवर त्यांचा फार जीव. 'बैजू बावरा'मध्ये नौशादांनी अमीर खाँ आणि द. वि. पलुस्कर यांना समोरासमोर गायला लावलं. त्या पलुस्करांचे वडील विष्णू दिगंबर आमच्या मिरजेतच बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकले. मामांच्या लेखी त्यामुळे नौशाद निम्मे मिरजेचेच.

"दिलीपकुमार पण इथेच ना?" त्यांनी विचारलं.

होय. 7 जुलै 2021 ला वयाच्या 98 व्या वर्षी शासकीय इतमामात त्यांना इथे आणलं. आणि ते बोलतानाच माझ्या ध्यानात आलं: 'मुग़ल-ए-आज़म'चा सलीम इथे, अनारकली इथे, संगीतकार इथे, आणि शेवटाकडे कोरससोबत आवाज चढवणारे रफीही इथे. 1960 मध्ये पडद्यावर आलेला तो अख्खा दरबार इतक्या लहान जागेत, बहुतेक बिननावाचा. मी मामांना म्हटलं तेव्हा त्यांनी मान वर केली आणि आजूबाजूच्या मातीकडे असं बघितलं, जणू बैठकीला बसलेली माणसं मोजतायत.

मग त्यांनी डोळे मिटून षड्ज लावला. अगदी बारीक, घशातल्या घशात. आवाज कापरा होता, पण सूर जागेवर होता. तंबोऱ्याशिवाय मी त्यांना कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मिरजेची सभा इथे आणायची, एवढंच त्यांच्या मनात असावं.

सूर जेमतेम स्थिरावला आणि फाटकातून माणसं आली. खांद्यावर जनाजा. मामा लगेच थांबले, गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि बाजूला झाले. आमच्यापासून दहा-बारा पावलांवर खड्डा तयार होता. मघाशी ज्यानं नारळ दाखवला तो माणूस त्याचीच कुदळ घेऊन चालला होता. पांढऱ्या कापडातला देह खाली उतरवला, वर फळ्या बसवल्या, आणि एकेक जण पुढे होऊन तीन-तीन मुठी माती टाकू लागला.

त्या खड्ड्याखाली आधी कोण असेल? हा विचार आला आणि माझा राग ओसरायला लागला, पूर्ण गेला नाही. दगड हवा होता, हे मला आजही वाटतं. पण समोर रडणारी माणसं होती आणि त्यांना आज, आत्ता साडेतीन हात जागा हवी होती. रफींसाठी त्यांना परत पाठवा, असं मी कुणाच्या तोंडावर म्हणू शकलो असतो?

मामा कधी पुढे गेले मला कळलंच नाही. रांगेच्या शेवटी ते उभे होते, डोक्याला पंचा गुंडाळलेला. त्यांनी वाकून तीन मुठी माती टाकली. जवारी करून करून त्यांच्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडलाय, त्यात माती भरली. कुणी विचारलं नाही, तुम्ही कोण. एका तरुण मुलानं उलट त्यांचा हात धरून त्यांना चिखलातून बाहेर आणलं.

"कोण होतं, बाळ?" मामांनी विचारलं.

"मामू थे मेरे," तो म्हणाला. "मेरी अम्मी के बडे भाई."

मामांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. फाटकाशी नळ होता, तिथं हात धुतले. रिकामा कागद चार घड्या करून परत खिशात ठेवला. वर्सोव्याला इरफान खानच्या कबरीवर जायचं राहिलं होतं, मी घड्याळ बघितलं.

"ते पुढच्या पंधरवड्याला," मामा म्हणाले. "चल, महालक्ष्मी चुकायला नको."