धावत्या गाडीतून तार

दौंड-मनमाड पट्ट्यात मी गार्डची नोकरी केली, तेव्हा तिथे एकेरी लाइन होती. दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी अडली की ब्रेकव्हॅनमधला, म्हणजे गार्डच्या डब्यातला, पोर्टेबल फोन काढायचा, दांडे एकात एक बसवायचे आणि टोकाचे आकडे खांबावरच्या कंट्रोलच्या (गाड्यांची ये-जा सांभाळणाऱ्या कचेरीच्या) दोन तारांना अडकवायचे. पावसात, बॅटरीच्या उजेडात आकडा तारेला नीट टेकेपर्यंत हात भरून यायचे. आणि हे सगळं गाडी उभी असेल तरच! चालत्या गाडीतून आमचा संवाद म्हणजे झेंडा नाहीतर कंदील.

म्हणून ग्रॅनव्हिल वूड्सचं काम मला फार मोठं वाटतं. या कृष्णवर्णीय अमेरिकन संशोधकाला १८८७ साली धावत्या गाडीशी तारयंत्राने (टेलिग्राफने) बोलण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. डब्याखाली तारेचं वेटोळं, रुळांलगत लांबच लांब तार, आणि दोन्हींचा एकमेकांना स्पर्शच नाही. वेटोळ्यातला प्रवाह चालू-बंद केला की त्याच ठेक्यात रुळांलगतच्या तारेतही प्रवाह उमटतो. पुढची गाडी कुठे आहे हे मागच्या गाडीला वेळेत कळावं आणि टक्कर टळावी, हा मुख्य हेतू. ल्युशियस फेल्प्स हा दुसरा अमेरिकन संशोधकही याच खटपटीत होता. हक्काचा वाद पेटंट कचेरीत गेला आणि निकाल वूड्सच्या बाजूने लागला.

एडिसन आणि त्याचा सहकारी गिलिलँड यांची तऱ्हा वेगळी. त्यांनी डब्यांचे पत्र्याचे टपच कामाला लावले. टपावरून संदेश हवेतून थेट बाजूच्या खांबांवरच्या नेहमीच्या तारांवर जायचा. डब्यातला तारमास्तर कानाला टेलिफोन लावून मोर्सची गुणगुण ऐकायचा, आणि त्या तारांवरची रोजची कामं बिनबोभाट चालू राहायची. ऑक्टोबर १८८७ मध्ये अमेरिकेतल्या लेहाय व्हॅली रेल्वेवर पाहुण्यांची खास गाडी नेली, तेव्हा धावत्या गाडीतून शेकडो तारा गेल्या.

यंत्र चाललं, धंदा चालला नाही. प्रवासात पैसे मोजून तार करणारी गिऱ्हाइकं मिळेनात. माझ्या मते गिऱ्हाईकच चुकीचं निवडलं. याची खरी गरज प्रवाशाला नव्हती, गार्डला, ड्रायव्हरला आणि स्टेशन मास्तरला होती. वूड्सने ते बरोबर ओळखलं होतं. १९१० साली न्यूयॉर्कमध्ये तो वारला, आणि त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला १९७५ उजाडलं. रेल्वेच्या प्रत्येक ट्रेनिंग स्कूलमध्ये त्याचं नाव शिकवावं, असं मला मनापासून वाटतं.