छोट्या गाडीला सायकल रॅक: सव्वा इंचाचा हिशेब

आमचा पहिला रॅक पट्ट्यांचा होता. मागच्या दाराच्या कडांना सहा हूक अडकवायचे, पट्टे ओढून घट्ट करायचे आणि सायकली टांगायच्या. गाडी छोटी, तिला खालून काही जोडायची भानगड नको, म्हणून तो घेतला. दोन वर्षं चालला. तिसऱ्या वर्षी एका लांबच्या प्रवासात वरचा एक पट्टा हळूहळू सैल झाला, रॅक दोन बोटं खाली सरकला आणि नवऱ्याच्या सायकलच्या पायडलने मागच्या दारावर वीतभर ओरखडा काढला. रंग जाऊन पत्रा दिसायला लागला. सायकली पडल्या नाहीत आणि मागून येणाऱ्या कुणाला काही झालं नाही, हे नशीबच. उरलेला रस्ता मी आरशात बघत काढला. घरी पोचल्यावर दोघांनी ठरवलं, यापुढे सायकली पत्र्याच्या भरवशावर न्यायच्या नाहीत.

टपावरच्या रॅकचा विचार फार वेळ केला नाही. माझी सायकल पंधरा किलोंची आहे. ती डोक्याच्या वर उचलून नेमकी खाचेत बसवणं माझ्या खांद्याला झेपत नाही, आणि दमून परतताना तर नाहीच. राहिला हिचचा रॅक.

हिच म्हणजे मागच्या बंपरखाली, गाडीच्या सांगाड्याला बोल्टने आवळलेली आडवी लोखंडी नळी. तिच्या मधोमध मागे तोंड करून एक चौकोनी रिसीव्हर असतो. रॅकचा दांडा त्यात सरकवायचा आणि आरपार पिन घालायची, एवढंच. काही देशांत चौकोनाऐवजी ५० मिलिमीटरचा गोळा असतो आणि रॅक त्या गोळ्यालाच घट्ट पकडतो. वजनाचा हिशेब मात्र दोन्हीकडे सारखाच करावा लागतो.

चौकोनी रिसीव्हरची दोन मापं जास्त चालतात: सव्वा इंची आणि दोन इंची. छोट्या गाड्यांना बहुतेक वेळा सव्वा इंचीच मिळतो, पहिल्या वर्गाचा, म्हणजे सगळ्यात कमी भाराच्या ‘क्लास वन’चा. त्याच्या टोकावर खालच्या दिशेने जास्तीत जास्त २०० पाउंड, म्हणजे साधारण ९० किलो भार चालतो. चार सायकलींचे दणकट रॅक बहुतेक दोन इंची. माझ्या मनात तसाच एक भरला होता, कारण वर्षातून दोनदा बहीण आणि तिचा मुलगा आमच्याबरोबर असतात. सव्वा इंचीला दोन इंची करणारा अडॅप्टर मिळतो हेही कळलं होतं. रॅकचं वजन २७ किलो, चार सायकली सरासरी १४ किलोंच्या, बेरीज ८३. नव्वदच्या आत! मी जवळजवळ घेतलाच होता.

नवऱ्याने एकच प्रश्न विचारला, "अगं, हे ८३ किलो लटकणार कुठे?"

त्या प्रश्नावर आम्ही एक अख्खी संध्याकाळ घालवली आणि त्या संध्याकाळीच रॅकची निवड झाली असं मी म्हणेन. टेप घेऊन गाडीच्या मागे बसलो. मागच्या चाकाच्या आसापासून बंपरच्या कडेपर्यंत ६० सेंटिमीटर. पुढचा आस ते मागचा आस अडीच मीटर. दोन सायकलींच्या रॅकमध्ये पहिली सायकल बंपरपासून ३० सेंटिमीटरवर, दुसरी तिच्यामागे वीसेक. म्हणजे दोन सायकलींचा मध्य मागच्या आसापासून एक मीटर मागे. इथे गाडी म्हणजे शाळेतली तरफ आणि मागचा आस म्हणजे टेकू. मागे लटकवलेलं वजन मागच्या चाकांवर तर येतंच, पण ते गाडीचं नाकही वर उचलतं. रॅक धरून दोन सायकलींचे ५० किलो एक मीटरवर असतील, तर पुढच्या चाकांवरून २० किलो कमी होतात आणि मागच्या चाकांवर ७० वाढतात.

हेच गणित चार सायकलींसाठी मांडलं. अडॅप्टरमुळे सगळं आणखी मागे सरकतं, मध्य सव्वा मीटरच्याही पलीकडे जातो. ८३ किलो त्या अंतरावर धरले, तर पुढची चाकं ४१ किलोंहून जास्त हलकी होतात. आमच्या गाडीचं इंजिन पुढे, ओढ पुढच्या चाकांना, वळण्याचं आणि ब्रेकचं मुख्य कामही पुढच्याच चाकांचं. ओल्या रस्त्यावर तीच चाकं हलकी झालेली मला नको होती. शिवाय ९० किलोंची ती मर्यादा रिसीव्हरच्या तोंडाशी असलेल्या भाराची असते. तेच वजन हातभर मागे गेलं आणि वर खड्ड्यांचे दणके बसले की हिचच्या जोडांवर कितीतरी जास्त पीळ पडतो. म्हणूनच अडॅप्टर किंवा लांबवणारा दांडा वापरला तर चालणारा भार बराच कमी होतो, आणि अनेक रॅकच्या पुस्तिकांत तो वापरायलाच मनाई असते. चार सायकलींचा विचार तिथेच सोडला. बहीण आली की दोन गाड्या निघतात, आणि त्यात काही वाईट नाही.

एक गोष्ट आधी बघायला हवी होती, ती आम्ही उशिरा बघितली. गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं की ही गाडी ट्रेलर ओढण्यासाठी नाही. छोट्या गाड्यांच्या बाबतीत हे नेहमीचं आहे. आमच्या गाडीसाठी मिळणारा हिचही फक्त रॅकपुरताच होता. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून ३८५ किलोंची मर्यादा होती, आणि रॅक, सायकली आणि स्वतः हिच हे सगळं त्यातच धरायचं असतं. आम्ही दोघं आणि दोन बॅगा, त्यामुळे अडचण नव्हती. पाच माणसं बसवून मागे सायकली लावणाऱ्यांनी मात्र ही बेरीज कागदावर करावी.

आता रॅक कोणत्या जातीचा? टांगायचा की उभा ठेवायचा?

टांगायच्या रॅकला दोन हात मागे आलेले असतात आणि सायकल मधल्या आडव्या दांडीवर लटकते. हा हलका आणि स्वस्त, छोट्या गाडीला वजनाच्या दृष्टीने बरा. पण माझ्या सायकलला आडवी दांडीच नाही. तिच्यासाठी सीटपासून हँडलपर्यंत वेगळी खोटी दांडी लावावी लागते. नवऱ्याच्या सायकलची फ्रेम कार्बनची, आणि कार्बनची नळी पट्ट्याने आवळून तिच्यावर सगळं वजन टांगायला त्याचा जीव होईना. बरोबरच होतं त्याचं. शिवाय लटकलेल्या सायकली झुलतात आणि एकमेकींना घासतात. एक ओरखडा पाहून झाल्यावर मला तो प्रकार पुन्हा नको होता.

दुसरी जात ट्रेची. चाकं खालच्या खाचांत बसतात, मागच्या चाकाला पट्टा लागतो आणि पुढच्या चाकावर वरून एक आकडा येऊन टायर खाली दाबून धरतो. फ्रेमला कशाचाही स्पर्श नाही. वजन जास्त, आमच्या रॅकचं २२ किलो. आम्ही सायकली वजनकाट्यावर मोजल्या: आधी मी एकटी, मग सायकल उचलून मी. माझी १५, त्याची साडेतेरा. रॅकसकट एकूण साडेपन्नास. आमच्या कागदावरच्या पन्नासाच्या जवळ, म्हणून हाच घेतला.

पण याचाही एक अडथळा होता, आणि तो दुकानात उभं राहून लक्षात येत नाही. माझ्या सायकलला पूर्ण लांबीचे मडगार्ड आहेत. तो आकडा टायरवर बसायला हवा, माझ्या सायकलवर तो मडगार्डवर बसतो आणि त्याला वाकवतो. म्हणून मी माझी सायकल घेऊन गेले आणि लावून बघितली. तसं केलं नसतं तर पहिल्याच दिवशी मडगार्ड मोडला असता. आता निघण्याआधी मी पुढचा मडगार्ड काढून ठेवते. दोन स्क्रू, चार मिनिटं. जाताना आपली सायकल बरोबर नेता आली नाही, तर निदान तिच्या चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर आणि टायरची रुंदी लिहून न्यावी. आमच्या रॅकला १२२ सेंटिमीटरपर्यंतचं अंतर चालतं आणि नवऱ्याच्या सायकलचं १२० आहे. दोन सेंटिमीटरनी निभावलं.

मागचं दार हा छोट्या गाडीचा खास प्रश्न. डिकी इवलीशी, त्यामुळे प्रवासात ती दहादा उघडावी लागते. मी दार हळूहळू वर उचलत गेले आणि नवऱ्याने त्याच्या कडेपासून जमिनीपर्यंत ओळंबा सोडून खडूने खुणा केल्या. सगळ्यात मागची खूण बंपरपासून ४५ सेंटिमीटरवर आली. पहिली सायकल ३० वर! म्हणजे सायकलींसकट मागे झुकणारा रॅक नसेल, तर दार उघडणारच नाही. झुकण्याची सोय ही तोपर्यंत मला चैन वाटत होती. त्या खडूच्या खुणा पाहिल्यावर ती यादीत पहिली आली.

हिच बसवायला आम्ही गॅरेजमध्ये गेलो आणि मी सगळा वेळ शेजारी उभी होते. सांगाड्याच्या दोन्ही पोकळ पट्ट्यांना कारखान्यातूनच भोकं होती, रबरी बुचांनी बंद केलेली. नवीन भोक पाडावं लागलं नाही. पण पट्टी आतून पोकळ, बोल्ट आत घालणार कसा? मेकॅनिकने एका टोकाला स्प्रिंगसारखी गुंडाळलेली तार खालच्या भोकातून आत सारली आणि तिचं टोक पलीकडच्या मोठ्या भोकातून बाहेर काढलं. त्या टोकात आधी जाड चौकोनी वॉशर ओवला, मग बोल्टचे आटे स्प्रिंगमध्ये फिरवून बसवले. "ताई, आता बघा," म्हणत त्याने तार हळूच खाली ओढली. आतून खुळखुळ आवाज करत बोल्ट सरकत आला आणि खालच्या भोकातून आटे बाहेर डोकावले. असं चार वेळा केलं. सायलेन्सर लटकवणारी रबरं साबणाच्या पाण्याने ओली करून उतरवली, बंपरच्या खालच्या कडेला चार बोटं रुंद खाच कापली. शेवटी टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लावायचा ते ठरवून देता येणाऱ्या पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्याला कट्ट आवाज येईपर्यंत प्रत्येक नट आवळला. अंदाजाने आवळलेला नट मी चालवून घेतला नसता आणि त्यानेही तसा आवळला नाही.

सायलेन्सरचं तोंड आमच्या गाडीला डाव्या कोपऱ्यात आहे, आणि पहिल्या सायकलचं चाक बरोबर त्याच्या वर येतं. पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून मी टायरजवळ तळवा धरला, तर गरम वाफारा हातावर येत होता. तासन्‌तास तो एकाच जागी लागला तर टायर आणि कार्बनची रिम दोन्ही खराब होतात. सायलेन्सरच्या तोंडाला खाली वळलेला तुकडा बसवला आणि नवऱ्याची सायकल बाहेरच्या ट्रेवर, माझी आतल्या, असं ठरवून टाकलं.

रॅक लावल्यावर सायकलींमागे नंबर प्लेट आणि अर्धे टेललाइट झाकले जात होते. हे बऱ्याच देशांत नियमाविरुद्ध आहे, आणि नियम नसता तरी अंधारात आपला ब्रेकचा दिवा मागच्याला दिसत नाही ही कल्पनाच मला सहन होत नाही. दिवे आणि प्लेट असलेली वेगळी पट्टी घेतली, तिची वायर हिचजवळच्या सॉकेटला जोडली. रुंदीची मात्र मला उगाच भीती वाटत होती. नवऱ्याची सायकल १.८८ मीटर लांब, गाडी १.६९ मीटर रुंद. पण दोन्ही आरसे धरले की गाडी १.९० मीटर होते, म्हणजे आरसे गेले तिथून सायकलही जाते.

निघायच्या आदल्या रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून हेडलाइटच्या उजेडाची वरची कड खडूने आखली. सायकली चढवल्या तर कड टिचभर वर गेली. तोच उजेड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत गेला असता. डॅशबोर्डवरची चकती फिरवून तो परत खुणेवर आणला. मागच्या टायरची हवाही पूर्ण भाराच्या आकड्याला नेली.

दुसऱ्या दिवशी दहा किलोमीटरवर ठरवून थांबलो. सायकल धरून जोरात हलवली तर रिसीव्हरमधून खडखड आला. साधी पिन थोडी सैल बसते. आमच्या पिनला आटे आहेत, ती पाऊण फेरा आवळल्यावर रॅक आणि गाडी एकत्र हलायला लागली. पुढच्या चाकाचा आकडाही एक दाता आणखी खाली बसला. मग नवऱ्याला पंप हवा होता, तो डिकीत. मी खटका पायाने दाबला, दोन्ही सायकली जागच्या जागी मागे झुकल्या आणि दार पूर्ण उघडलं. माझ्या सायकलचं हँडल आणि दाराची कड यांच्यात चार बोटं जागा उरली होती.