माझा अनुभव : १९६९ ची कमॅरो आणि इंजिनच्या पॅडचा फोटो

रिस्टोअर केलेली मसल कार (ताकदवान इंजिनची जुनी अमेरिकन गाडी) घेणार असाल तर आधी इंजिनच्या पॅडचा, म्हणजे जिथे नंबर ठोकलेले असतात त्या सपाट जागेचा, फोटो मागा, रंग काढून स्वच्छ केलेला, आणि तो हातात येईपर्यंत एक डॉलरसुद्धा डिपॉझिट देऊ नका. मी दिलं नाही याचं आजही समाधान आहे. पण त्या एका फोटोसाठी डीलरने जो पिच्छा पुरवायला लावला त्याचा राग अजून गेलेला नाही.

आम्ही डेट्रॉइटजवळ राहतो. दर ऑगस्टला वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ (जुन्या गाड्यांची मिरवणूक) असते, तिथे बघून बघून शेवरलेच्या कमॅरोचं झेड-२८ हे खास मॉडेल डोक्यात बसलेलं. शेजारच्या राज्यात एक सापडली, हगर ऑरेंज रंग, आत सगळं काळं, जाहिरातीत 'मॅचिंग नंबर्स' (म्हणजे गाडीबरोबर आलेलं मूळ इंजिन अजून तिच्यातच) आणि किंमतही त्याच हिशोबाने.

आता फोर्ड मस्टँग असती तर मार्टी रिपोर्ट (फॅक्टरीच्या नोंदींचा उतारा) मागवता येतो, पॉन्टिॲक जीटीओ असती तर पीएचएस या पॉन्टिॲकच्या जुन्या नोंदी देणाऱ्या संस्थेकडून फॅक्टरी इनव्हॉइसची कॉपी येते. अमेरिकेत विकलेल्या कमॅरोचं तसं काही मिळत नाही. व्हीआयएनवरून (गाडीच्या चॅसिस नंबरवरून) गाडी व्ही-८ आहे एवढंच कळतं, झेड-२८ आहे की साधी ते नाही. त्यामुळे साध्या गाडीवर पट्टे ओढून बॅज लावून झेड-२८ बनवलेल्या बऱ्याच फिरतात.

बॉडीची तपासणी पटकन झाली. मी पैसे देऊन एक स्वतंत्र मेकॅनिक नेला होता (हा खर्च अजिबात वाचवू नका). फायरवॉलवरच्या (इंजिनमागच्या पत्र्यावरच्या) पट्टीवर एक्स-३३ हा झेड-२८ चा कोड आणि गाडी बनल्याची तारीख मार्चचा तिसरा आठवडा, हीटरच्या ब्लोअरमागे लपलेला व्हीआयएन जुळला, डॅशवरच्या प्लेटचे रिव्हेटही सहा पाकळ्यांचे, जसे असायला हवेत तसे. म्हणजे गाडी खरी झेड-२८.

अडलं ते इंजिनपाशी. ट्रान्स-ॲम रेसला ५ लिटरची मर्यादा होती म्हणून शेवरलेने ३०२ क्युबिक इंचाचं इंजिन बनवलं, ते १९६७ ते ६९ फक्त झेड-२८ मध्येच आलं, त्यामुळे किंमतीत त्याचा वाटा मोठा. इंजिनचा कोड आणि व्हीआयएनचे आकडे असतात पॅसेंजर बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढ्यात छोट्याशा सपाट जागेवर, ६९ मध्ये वर अल्टरनेटर येतो आणि इथे तर त्यावर ऑरेंज रंगाचा जाड थर दिलेला. भेटीच्या आधीपासून फोटो मागत होतो. आधी 'पाठवतो', मग आला तो अख्ख्या इंजिनचा वरून काढलेला, मग एक धूसर, मग 'रंग खराब होईल', मग 'दुसरं गिऱ्हाईक तयार आहे'. अरे बाबा, दोन बोटांएवढी जागा, रंगाचे पैसे मी देतो म्हटलं! तरी नाही. शेवटी सरळ सांगितलं की आम्ही समोर उभे असताना रंग काढा, नाहीतर मी चाललो, तेव्हा कुठे स्ट्रिपर आणि फडकं बाहेर आलं.

रंग निघाला आणि मेकॅनिक गप्पच झाला. फॅक्टरीच्या मशीनिंगने तिथे पुढून मागे जाणाऱ्या बारीक सरळ रेघा राहतात. इथे गोलसर रेघा, म्हणजे ब्लॉक (इंजिनचा मुख्य ओतीव भाग) नंतर घासलेला. इंजिनचा कोड मारला जायचा फ्लिंटच्या इंजिन प्लांटमध्ये आणि व्हीआयएनचे आकडे गाडी बनली तिथे, म्हणजे नॉरवुडला, त्यामुळे दोन्ही ठशांत फरक असायला हवा. इथे दोन्ही एकाच मापाचे, एकाच खोलीचे, एका बैठकीत ठोकल्यासारखे. मग त्याने आरसा आणि टॉर्च घेऊन ब्लॉकच्या मागच्या कडेवरची ओतकामाची तारीख वाचली : ई २२ ९. ई म्हणजे मे, ९ म्हणजे १९६९. मार्चमध्ये तयार झालेल्या गाडीत मे महिन्यात ओतलेला ब्लॉक! डीलर म्हणे रिस्टोअर करणाऱ्याने केलं असेल, आम्हाला कल्पना नव्हती. इंजिन रिबिल्ड करताना ब्लॉक घासतात आणि खरे नंबरही जातात, त्यात काही गैर नाही, पण त्यावर नवे नंबर ठोकून मॅचिंग म्हणून विकणं ही शुद्ध फसवणूक आहे.

गाडी मी घेतली, पण 'बॉडी ओरिजिनल, इंजिन नंतरचं' असं बिलावर लिहून घेऊन आणि बरीच कमी किंमतीत.

आठवलं म्हणून, १९६७ ते ६९ च्या झेड-२८ ला फॅक्टरीतून एसी आणि ऑटोमॅटिक मिळतच नव्हते, दिसले तर लगेच विचारा. मागच्या क्वार्टर पॅनलवर आणि मागच्या काचेखाली मॅग्नेट फिरवून बघा, पुट्टी तिथेच जास्त असते. प्रोटेक्ट-ओ-प्लेट (गाडीबरोबर मिळणारी वॉरंटीची धातूची पट्टी) दाखवली म्हणून लगेच विश्वास ठेवू नका, तीही नवी बनवून मिळते. आणि इन्शुरन्स 'ॲग्रीड व्हॅल्यू'चाच (गाडीची किंमत आधीच ठरवून घेतलेला) घ्या, अप्रेझरच्या (किंमत ठरवणाऱ्या तज्ज्ञाच्या) रिपोर्टमध्ये इंजिनबद्दल जे खरं ते स्पष्ट लिहायला लावा, रिस्टोरेशनच्या पावत्या सोबत जोडा, नाहीतर क्लेमच्या वेळी वाद होतो.