एसी लावला की स्टिअरिंग का थरथरतं?

परवा मावसभावाने गाडी आणली, म्हणे दादा एसी लावला की स्टिअरिंग हाताला झिणझिण्या आणतं, गॅरेजवाला म्हणतो इंजिन माउंट (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार) बदला. मी आधी टॅकोमीटर (इंजिनचे फेरे दाखवणारा काटा) बघितला, एसी बंद असताना ७५० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ७५० फेरे, चालू केला की ९००. आता चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे ७५० ला २५ हर्ट्झ (सेकंदाला २५ धक्के) आणि ९०० ला बरोबर ३० हर्ट्झ, आणि स्टिअरिंग कॉलमची (ज्या दांड्यावर स्टिअरिंग बसतं तो) स्वतःची फ्रिक्वेन्सी, म्हणजे ठोकल्यावर तो सेकंदाला जितक्या वेळा थरथरतो तो आकडा, तिथेच कुठेतरी असली की झालं, रेझोनन्स, थरथर कैकपट वाढते.

गंमत म्हणजे तोच कॉलम टेस्ट रिगवर घट्ट बोल्ट करून हातोडीने ठोकला तर आकडा बराच वर येतो, कारण गाडीत तो डॅशबोर्डमागच्या बीमवर टांगलेला असतो, बीम बॉडीला, आणि यातलं काहीच दगडासारखं कडक नसतं. सुटा पार्ट पास, गाडी नापास! (हे ऑफिसात किती वेळा भोगलंय विचारू नका.) म्हणून माउंट, बीम, कॉलम सगळीकडे ॲक्सेलरोमीटर (कंपन मोजणारे सेन्सर) चिकटवून कंपन कुठल्या वाटेने येतंय ते शोधायचं.

माउंट तपासला, रबर फाटलेलं निघालं. गॅरेजवाला बरोबर होता राव.