हृदयाची लय आणि व्हेगसचा लगाम

फोंड्यात अकरावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवताना मला एक समजूत वारंवार आढळते, ती म्हणजे मेंदूने आज्ञा दिल्याशिवाय हृदयाचा ठोका पडत नाही. प्रत्यक्षात ठोक्याचा उगम हृदयातच असतो, हे मुलांना नीट समजावे अशी माझी फार इच्छा असते.

उजव्या अलिंदात, म्हणजे हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात, वरच्या बाजूला, जिथे ऊर्ध्व महाशिरा उघडते तिथे, सायनस नोड नावाचा पेशींचा छोटा पुंजका आहे. १९०७ साली आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी त्याचे वर्णन केले. या पेशी कधीच स्वस्थ नसतात: आधी सोडियमचे आणि मग कॅल्शियमचे आयन आत झिरपत राहतात, आणि विद्युतदाब ठरावीक पातळीला पोहोचला की आवेग आपोआप उमटतो. तो अलिंदांतून एव्ही नोडपाशी, म्हणजे अलिंद आणि निलय यांच्यामधल्या पेशींच्या पुंजक्यापाशी, येऊन सुमारे एक दशांश सेकंद थबकतो, म्हणून निलयांना, म्हणजे खालच्या कप्प्यांना, भरायला अवसर मिळतो.

चेतांचा संबंध तोडला, तर हा नोड मिनिटाला सुमारे १०० आवेग देतो. मग बसल्या जागी आपली नाडी सत्तरच्या आसपास का असते? कारण मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या, ठोके मंद करणाऱ्या व्हेगस चेतेचा लगाम तिच्यावर सतत ताणलेला असतो. वर्गात मी मुलांना अंगठ्याच्या मुळाशी बोटे ठेवून सावकाश खोल श्वास घ्यायला सांगतो. श्वास आत जाताना ठोके जवळजवळ येतात, सोडताना त्यांच्यातले अंतर वाढते, आणि ते बोटांना कळताच एखादी मुलगी घाबरून वर पाहते. हा दोष नव्हे. श्वास घेताना व्हेगसचा प्रभाव क्षणभर ओसरतो, एवढेच.

ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या एका हृदयाची व्हेगस उद्दीपित करून त्यातला द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तेव्हा तेही मंदावले. त्या द्रवातला हृदय मंदावणारा पदार्थ ॲसिटिलकोलीन होता. माझ्या मते शरीरक्रियाशास्त्रात इतका सुबोध प्रयोग विरळा.

पणजीत आल्तिन्होची चढण चढू लागलो की आधी व्हेगसचा ताण एकदोन ठोक्यांतच सैल होतो, आणि ठोके जलद करणाऱ्या अनुकंपी चेतांतल्या नॉरॲड्रेनलिनचा परिणाम त्यानंतर काही सेकंदांनी दिसू लागतो. प्रत्यारोपित हृदयाच्या या चेता शस्त्रक्रियेत तुटलेल्या असतात. त्यामुळे ते विश्रांतीतही बरेच जलद चालते, आणि चढणीवर मात्र रक्तातून ॲड्रेनलिन पोहोचेपर्यंत त्याचा वेग फारसा वाढत नाही.