माझ्याच सीलखाली

वैधमापन शास्त्र हे आमच्या खात्याचं नाव फारसं कुणाला माहीत नसतं. लोक आम्हाला 'वजनमापवाले' म्हणतात. दुकानातला तराजू, वेब्रिज, पेट्रोल पंपाचं मीटर, पाकिटावरची एमआरपी असं सगळं आमच्याकडे येतं. 2017 साली मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याला निरीक्षक होते. त्याच पावसाळ्यात ठाणे पोलिसांनी राज्यभर पेट्रोल पंपांवर छापे घालून मशीनमधल्या माप मारणाऱ्या चिपा पकडल्या होत्या. आमच्याकडेही रोज तक्रारी यायला लागल्या. बहुतेक नुसत्या संशयाच्या होत्या.

एक रिक्षावाले काका मात्र वही घेऊन आले. चाळिसेक नोंदी होत्या. तारीख, पंप, 5 लिटर, किती किलोमीटर. इतर पंपांवर भरलं की गाडी 134–135 जायची, हायवेवरच्या एका पंपावर भरलं की 128–129. प्रत्येक वेळी. "मॅडम, गाडी तीच, रोड तोच, शिटा तेवढ्याच. मग सहा किलोमीटर जातंय कुठं?"

मी रजिस्टर काढलं. त्या पंपाची वार्षिक पडताळणी चार महिन्यांपूर्वी झाली होती, आणि ती मीच केली होती. सगळी नोझल बरोबर निघाली होती. काकांना तसं सांगावं, असं क्षणभर वाटलंही. पण वहीतल्या आकड्यांमध्ये एकही उलटी नोंद नव्हती.

आमची जीप तालुक्यात पोरंसोरंही ओळखतात. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे आमचे क्षेत्र सहायक साध्या कपड्यांत, काकांच्याच रिक्षातून पुढे गेले. "गाडी रस्त्यात बंद पडलीय" म्हणून पत्र्याच्या कॅनमध्ये 5 लिटर घ्यायचं, एवढंच काम. कॅन आदल्या रात्री आतून पेट्रोलने भिजवून निथळवला होता. कोरड्या भांड्याला आतून पेट्रोल चिकटतं आणि तेवढंच माप कमी दिसतं, तसा आरोप मला नको होता. मी, माझे एक सहकारी, कंपनीचा सेल्स ऑफिसर आणि दोन पंच अलीकडच्या धाब्यामागे थांबलो होतो.

कॅन आला. शासनाच्या प्रमाणित मापात ओतला. मापाच्या गळ्यावर मिलिलिटरच्या खुणा असतात. 5 लिटरला 25 मिली कमीजास्त चालतं. इथे 210 मिली कमी होतं.

मग आम्ही उघडपणे पंपावर गेलो. ओळखपत्र दाखवलं आणि त्याच क्षणी पंपाची वीज गेली. मिनिटभराने परत आली. शेजारच्या टपरीतला बल्ब या सगळ्या वेळात चालू होता, हे माझ्या सहकाऱ्याने पाहिलं. त्याच नोझलचं माप पुन्हा घेतलं. बरोबर! दुसऱ्यांदा, बरोबर. मॅनेजर शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमचंच सील आहे. बघून घ्या."

मशीन उघडायला लावलं. पेट्रोल मीटरमधून जाताना एक चक्र फिरतं आणि पल्सर नावाचा भाग त्याचे ठोके मोजून वरच्या इलेक्ट्रॉनिक कार्डाला पाठवतो. ठोके वाढवले की आकडा पुढे पळतो, पेट्रोल मात्र तेवढंच येतं. म्हणूनच पल्सरला आम्ही तार ओवून शिशाचं सील करतो. सील जागेवर होतं. शिसं शाबूत, माझा क्रमांक स्पष्ट. मी तार बोटाने हलकेच ओढली आणि ती सरळ बाहेर आली. शिशात शिरते तिथेच कापून, परत खुपसून चिकटवलेली. आत पल्सरच्या वायरीला आगपेटीएवढी एक पट्टी जोडलेली होती. ठोके वाढवणारी चिप तीच. वीज तोडली की ती गप्प व्हायची, म्हणून आमच्यासमोर माप बरोबर आलं होतं.

ते सील हातात घेतलं तेव्हा माझा हात थरथरत होता. चार महिने माणसं रांगेत उभी राहून, माझा क्रमांक असलेल्या मशीनवर विश्वास ठेवून पैसे देत होती. त्या नोझलवरून दिवसाला 2,000 लिटर जायचं. 210 मिलीच्या हिशेबाने रोजचे 84 लिटर न देताच विकले जात होते. पेट्रोल तेव्हा 80 रुपयांच्या घरात होतं, म्हणजे रोज साडेसहा हजारांची चोरी. काकांच्या वाट्याला महिन्याचे सुमारे 500 रुपये येत होते. त्यांच्या घरात ती रक्कम लहान नव्हती.

पंचनाम्याला दुपार झाली. पट्टी, तार, शिसं वेगवेगळ्या पाकिटांत घालून लाखेने मोहरबंद केलं. मापाशी छेडछाड म्हणून वैधमापन कायदा 2009 चं कलम 26, कमी दिल्याबद्दल कलम 30, आणि फसवणुकीसाठी पोलिसांत फिर्याद. मशीनची विक्री बंद केली. फिलर पोरगा कोपऱ्यात रडत होता. त्याला महिना सात हजार मिळायचे आणि आत काय आहे हे त्याला माहीत नव्हतं, असं माझं आजही मत आहे. मालक दिवसभर फिरकला नाही.

संध्याकाळी काका वही मागायला आले. झेरॉक्स ठेवून मी ती परत दिली. त्यांनी विचारलं, "मॅडम, बाकीच्या पंपांवर पण तुमचंच सील हाय ना?"

हो, होतं. रात्री रजिस्टर घेऊन बसले. माझ्या क्रमांकाचे 31 पंप निघाले. पहाटे साडेपाचला कॅन भिजवून तयार ठेवला होता आणि काका रिक्षा घेऊन ऑफिसच्या दारात उभे होते.